दुधाच्या कपाटाची दारं

आमच्या घरात नवरा-बायकोचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला दोन माणसं लागतात, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातलं एक व्हायला कधी तयारच नसत. आई बोलायला लागली की ते तराजूच्या साखळ्या पुसायला घेत. आम्ही लिंगायत वाणी. आजोबांचं किराणा दुकान नांदूरघाटच्या बाजारात मोठं होतं म्हणे, पण वाटण्या झाल्या आणि अण्णांच्या वाट्याला एक तराजू, एक लाकडी पेटी आणि कुणाविषयी अवाक्षर न काढण्याचा स्वभाव एवढंच आलं. ते सगळं घेऊन ते आमच्या खेड्यात आले आणि घराच्या ओसरीवर दुकान मांडून बसले. दुकानात सगळ्यात जास्त काय खपत असेल तर गूळ. त्याला कारण गावाबाहेरचं आबासाहेबांचं जिनिंग. शेतातून आलेल्या कापसातली सरकी वेगळी काढायची आणि रुई वेगळी, एवढंच त्या कारखान्याचं काम, पण त्याच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं आणि जेवायचं. आत ओळीनं मशीन आणि दर मशीनपुढे एक बाई, हातानं कापूस भरवणारी. कापसाची कुसं नाका-तोंडात जायची. गुळाचा खडा खाल्ला की घशातली कुसं खाली उतरतात असं सगळ्या म्हणत. अण्णांनी त्या म्हणण्याला कधी विरोध केला नाही. मी आजही बोलण्याआधी गुळाचा खडा तोंडात टाकते. डॉक्टरला साखर दिसते, मला जिनिंग दिसतं.

आईसुद्धा तिथंच कामाला होती. तिचं नाव महानंदा, पण गावाची ती नंदाकाकू. भल्या सकाळी ती चुलीवर येसराची आमटी टाकायची. भाजलेल्या डाळी-धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ उकळायला लागलं की वास थेट चावडीपर्यंत जायचा आणि लोक उगीचच गूळ घ्यायला यायचे. भाकरीचा थाप-थाप आवाज, बाहेर अण्णांच्या तराजूची किणकिण, आणि मधेच भोंगा. भोंगा झाला की आई नाका-तोंडाला फडकं बांधून निघायची. संध्याकाळी परत यायची ती केसांपासून पायांपर्यंत पांढरी. अण्णा म्हणायचे, "आज म्हातारी होऊन आलीस." आई म्हणायची, "तुमच्या घरात रोजच व्हते." मग अण्णा साखळ्या पुसायला घ्यायचे.

जिनिंगमधल्या बाया 'हंगामी' होत्या. हंगामी म्हणजे दसऱ्याला यायचं आणि शिमग्याला जायचं. मधल्या काळात ताप आला, बाळंतपण आलं, काहीही आलं, तर ते आपापल्या घरी आलेलं बरं, जिनिंगला त्याची खबर नको. इंजिनावरचा चाँदभाई मिस्त्री तेवढा कायम, कारण त्याच्याशिवाय इंजिन खोकायचं. मुकादम रावसाहेबही कायम, कारण ते आबासाहेबांचे चुलतभाऊ. रावसाहेबांना एकच काम होतं, फिरत राहणं, आणि ते त्यांनी जन्मभर निष्ठेनं केलं.

आमच्या शेजारी कौशी राहायची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिला हसायला कारण लागायचं नाही. ती चौथ्या मशीनवर असायची. मशीनच्या मागं इंजिनाकडून येणारा चामडी पट्टा उघडाच फिरायचा, आणि रुई अडकली की बाईनं मागं हात घालून ती काढायची, अशी रीत होती. मशीन थांबवायचं म्हटलं तर रावसाहेब ओरडायचे. आदल्या हंगामात कौशीचा पदर त्या पट्ट्यात गेला, पदर सोडवायला हात गेला, आणि हाताबरोबर दोन बोटं गेली. तिला टेंपोत घालून अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. टेंपोचं भाडं आबासाहेबांनी दिलं, आणि त्यांचं म्हणणं होतं की हे आपण माणुसकी म्हणून दिलं. पुढचं औषधपाणी, घरी बसावं लागलं ते दिवस, याबद्दल कौशीचा नवरा विचारायला गेला तेव्हा रावसाहेबांनी त्याला समजावलं, "अरे, ती हंगामी हाय बे. कायमच्याला काय व्हत असंल ते व्हत असंल, हंगामीला काय देतेत?"

आबासाहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आईच्या देखत लिहू शकले नसते. कुणाच्या लग्नात कमी पडलं तर ते धान्याची पोती पाठवायचे, कीर्तनात धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. फक्त काही मागितलं की ते 'बघू' म्हणत. तो शब्द ते इतक्या प्रेमानं उच्चारायचे की मागणारा तृप्त होऊन घरी जायचा आणि जेवताना त्याच्या ध्यानात यायचं की हाती काहीच पडलेलं नाही. पट्ट्याला जाळी बसवा म्हणून आई त्यांच्याकडं कितीदा तरी जाऊन आली होती, आणि दर वेळी पोटभर 'बघू' घेऊन आली होती.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले. मला अंबाजोगाईला कॉलेजात जायचं होतं, आणि एक हंगाम काम केल्याशिवाय ते जमण्यातलं नव्हतं. रावसाहेब ओसरीवर गूळ चघळत म्हणाले, "सुमीला पाठवा की. चौथी मशीन मोकळीच हाय." आतमध्ये आई आमटी ढवळत होती, ती थांबली. बाहेर तराजूच्या साखळ्यांचा आवाज सुरू झाला. मला आनंद झाला होता, पण कौशीचा हात मी रोज पाहत होते. रात्री निजताना मी पदर कसा खोचायचा याचा विचार करायचे, परकरावर असूनसुद्धा.

दसरा आठ-दहा दिवसांवर आला आणि आबासाहेबांचे चुलते वारले. खंडेनवमीला जिनिंगमधल्या सगळ्या मशीनची पूजा व्हायची, दसऱ्याच्या सकाळी ती उचलायची आणि मुहूर्तावर भोंगा द्यायचा, अशी पद्धत. आता आबासाहेबांना सुतक, रावसाहेबांना सुतक, गावात निम्मी तर त्यांचीच भावकी, त्यांनाही सुतक. उरलेल्यांतही कुणाचा कुठं धागा लागतो याची खात्री कुणी द्यावी. कापूस तर सुतक पाळायला तयार नव्हता, तो शेतात फुटून पडला होता. जोशीबुवांनी तोड काढली: पूजा परक्या हातानं मांडा, मात्र ज्यानं मांडली त्यानंच उचलायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आबासाहेब या बाबतीत फार काटेकोर. त्यांच्या वडिलांनी एका वर्षी घाईघाईत पूजा सरकवली होती आणि त्या हंगामात रुईच्या गंजीला आग लागली होती. तेव्हापासून देवाच्या कामात त्यांच्या तोंडून कधी 'बघू' आलं नाही.

तर असे आबासाहेब स्वतः आमच्या ओसरीपुढं येऊन उभे राहिले. सुतक म्हणून पायरी चढले नाहीत. अण्णा एवढे गडबडले की त्यांनी रिकामा तराजू तोलायला घेतला.

"वैनी," आबासाहेब आईला म्हणाले, "तुम्ही लिंगायत, तुमच्यात सुतक पाळत न्हाईत. यंदाची पूजा तुमच्या हातानं व्हऊ द्या."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बघू."

अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आईकडं रागानं पाहिलं. मग आई हसली आणि म्हणाली, "मांडते की. येवढा मान दिलाव तर न्हाई कसं म्हणू?"

खंडेनवमीला आईनं पूजा अशी मांडली की तशी जिनिंगनं पाहिली नव्हती. दर मशीनला हळदी-कुंकू, झेंडूची माळ, बेलाचं पान, नारळ. चौथ्या मशीनला माळ जरा मोठी, आणि ती पट्ट्यावरून घेतलेली. चाँदभाईनं इंजिन पुसून लख्ख केलं होतं. दर वर्षी हळदीची बोटं तोच ओढायचा, यंदा दुरून बघत होता. आबासाहेब फाटकाबाहेर उभे राहून हात जोडत होते. सगळं यथासांग झालं आणि लोक आईचं कौतुक करत घरी गेले. आईनं त्या रात्री धपाटे केले आणि एक शब्द बोलली नाही. मला वाटलं दमली असेल.

दसऱ्याला सकाळी मी तिच्याबरोबर गेले. फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत कापसाच्या बैलगाड्या आणि टेंपो लागलेले. चौसाळ्याकडून आलेला एक टेंपोवाला तर पहाटेपासून हॉर्न वाजवत होता. हलगीवाला आला होता, पेढ्याचं खोकं आलं होतं, बाया नवीन फडकी बांधून तयार. आई चौथ्या मशीनसमोर मांडी घालून बसली. बसली ती बसलीच. मुहूर्त जवळ आला तसे रावसाहेब फिरायचे थांबले.

"उचल की नंदाकाकू. काय बसलीस?"

"पूजा पुरी झाली न्हाई," आई म्हणाली.

"कावून? काय राहिलंय?"

"ते मालकाला सांगते."

आबासाहेब फाटकाशीच होते. त्यांना आत यावं लागलं. ते पूजेपासून लांब, सरकीच्या ढिगाजवळ उभे राहिले आणि हलगी बंद झाली.

"आबासाहेब," आई म्हणाली, "आज तुमच्या देवघरापुढं तलवार मांडली असंल?"

"सुतकामुळं यंदा न्हाई. पण मांडतोत दर वर्षी."

"म्यानासकट मांडता का बिगर म्यानाची?"

"म्यान असतंयच की शेजारी. बिगर म्यानाचं हत्यार घरात ठिवत असतेत का?"

"मग ह्या पट्ट्याला म्यान कुठंय?"

चाँदभाई एकदम खाली वाकून इंजिनाचा कुठला तरी नट तपासायला लागला. तो हसत होता हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

रावसाहेब म्हणाले, "हे बघ, पुढच्या हंगामात..."

"तुमाला न्हाई विचारलं," आई म्हणाली. "हत्यार पुजलं आन् उघडं सोडलं तर ते घरातल्याचंच रगत घेतंय. मागच्या साली घेतलंच की. आता तिथं माझी लेक उभी राहणार हाय."

आबासाहेब माझ्याकडं बघायला लागले. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी पेढ्याच्या खोक्याकडं बघितलं. पुढं कित्येक वर्षं लोक सांगायचे की सुमीला त्या वेळी पेढ्याची पडली होती. तसं नव्हतं.

"वैनी, जाळी बसवू आपण. शब्द देतो. आता पूजा उचला," आबासाहेब म्हणाले.

"जाळी बसली की उचलते."

रावसाहेबांनी मग दुसऱ्या कुणाला तरी पुढं करायचं पाहिलं. पण त्या दिवशी सगळ्यांची भक्ती एकाएकी फार वाढली होती. एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, मी मांडली न्हाई, मी कशी उचलू. दुसरी म्हणाली, गंजीला आग लागली तर माझ्या नावावर. शेवटी चाँदभाईला म्हणाले, तू तर आमच्यातला नाहीस, तुला काय होतंय. चाँदभाई कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला, "तौबा. मालकाच्या देवाला मी कावून हात लावू? दर साली हळद लावतो ती मालकाच्या हुकमानं." बाहेर चौसाळ्याचा टेंपोवाला ओरडायला लागला की तासाभरात भोंगा झाला नाही तर कापूस केजला घेऊन जातो. त्याचं बघून गाडीवाल्यांनीही बैल जुंपायची भाषा सुरू केली.

"आजून काय असंल ते एकदाच सांगा," आबासाहेब म्हणाले. आवाजात राग होता आणि थोडी काकुळतही.

"कौशीला बोलवा," आई म्हणाली. "मशीननं जिचं रगत घेतलं तिची वटी भरल्याबिगर पूजा पुरी व्हत न्हाई. तिच्या दवापाण्याचं आन् घरी बसली त्या दिवसांचं बी द्या. आन् इथून पुढं इथं जिला लागंल तिला बरी व्हईस्तोवर हजेरीचा पगार."

"वैनी, ती हंगामी व्हती."

आई तोवर शांतपणे बोलत होती. आता तिचा आवाज फाटला. "ती हंगामी व्हती, आबासाहेब. तिची बोटं हंगामी नव्हती. ती काय ह्या दसऱ्याला परत येणार हायेत का?"

मी आईला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फडक्यानं तिनं डोळे पुसले आणि फडक्याची हळद गालाला लागली. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

एवढ्यात माईसाहेब आल्या, आबासाहेबांच्या पत्नी. मालक अजून उपाशी का, हे बघायला आल्या होत्या. फाटकातल्या लोकांनी त्यांना येता येताच सगळं सांगितलं होतं. त्या आबासाहेबांना म्हणाल्या, "देऊन टाका ना. त्या दिवशी तिच्या हाताला बांधायला लुगडं मीच फाडलं व्हतं. मला आजून जेवताना आठवतंय."

"देतो गं. पण आज दसरा. जाळी कुठून आणू? दुकान तरी उघडं असंल का?"

माईसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आपल्या दुधाच्या कपाटाची दारं काढा."

गावात जाळीचं कपाट त्यांच्या एकट्यांकडंच होतं. हिरव्या रंगाचं, दारांवर कमळं काढलेलं, आत दुधाची पातेली. त्या कपाटाचा माईसाहेबांना केवढा तोरा होता हे सगळ्या बायांना ठाऊक होतं. गडी धावत गेले आणि दोन्ही दारं कडी-बिजागरीसकट खांद्यावर घेऊन आले. चाँदभाईनं पट्ट्याच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या ठोकून ती बसवली. कडी काढली की उघडायची, लावली की बोटसुद्धा आत जायचं नाही. "तात्पुरती हाय," रावसाहेब सारखं म्हणत होते. "लोखंडी येईस्तोवर तात्पुरती." त्या वर्षी आबासाहेबांच्या घरातल्या मांजरांनी साजरी केली तशी दिवाळी कुणीच केली नसेल.

दारं बसेपर्यंत कौशीही आली होती. आईनं तिची ओटी भरली. पूजेतलं बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद दाखवून आई आबासाहेबांना म्हणाली, "आता बेलभंडारा उचलून शब्द द्या."

"सुतकात बेलभंडाऱ्याला हात कसा लावू?"

"हात नका लावू. नुस्तं तोंडानं म्हणा. तोंडाला सुतक नसतंय."

आबासाहेब पूजेकडं बघून म्हणाले: औषधपाणी जिनिंग करील, घरी बसल्या दिवसांची हजेरी मिळेल, कौशीला आणि पुढं जिला लागेल तिलाही. सगळ्यांनी ऐकलं. मग कौशीनं ओटीतला नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चौथी मशीन माझी हाय. सुमीला दुसरी द्या."

"तुला जमंल का आता?" रावसाहेबांनी विचारलं.

"तीन बोटांनी जेवती, लेकराला न्हाऊ घालती. कापूस काय जड असतोय का?" ती म्हणाली, आणि नेहमीसारखी कारण नसताना हसली. आईनं पूजा उचलली. भोंगा झाला.

घरी आलो तेव्हा अण्णा ओसरीवर उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. आता साखळ्या पुसायला घेतील असं मला वाटलं. पण त्यांनी गुळाची सगळ्यात चांगली ढेप फोडली, त्यातला खडा आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बोलून घसा बसला असंल." आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भाषण ते.

मी तो हंगाम सहाव्या मशीनवर काढला आणि जूनमध्ये अंबाजोगाईला गेले. हळूहळू बाकीच्या मशीनांनाही जाळ्या बसल्या, पण चौथ्याची लोखंडी जाळी काही आली नाही. तात्पुरती लावलेली दारं जिनिंग बंद पडेपर्यंत तिथंच होती, कमळांसकट. आबासाहेबांनी शब्द पाळला, ते होते तोवर. ते गेले, मुलांनी जिनिंग विकलं, आणि नव्या मालकानं सांगितलं की कोण कुठल्या पूजेत काय बोललं ते मला माहीत नाही. बाया तेव्हाही हंगामीच होत्या. आईला फार लागलं ते. "तोंडाला सुतक नसतंय म्हणाले मी," ती म्हणायची, "पर तोंड माणसाबरोबर जातंय हे ध्यानात आलं न्हाई." पुढं वकिलीचं शिकलेल्या एका पोरीनं मला सांगितलं की असल्या गोष्टींना कायदा आहे, तेव्हाही होता. असेल. आमच्या गावापर्यंत तो आला नव्हता, दसऱ्याच्या गर्दीत कुठं अडकला असेल.

यंदा खंडेनवमीला माझ्या नातीचा फोन आला. ती पुण्याकडं एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. कारखाना तोच राहतो, कंत्राटदार बदलतो, आणि दर वेळी ही नवी होते. म्हणाली, "आजी, आज आमच्याकडं मशीनची पूजा हाय. साहेब म्हणालेत, साड्या नेसून या, फोटो काढायचाय." मी विचारलं, मशीन कसं आहे. ती म्हणाली, चांगलं आहे, त्याला झाकणही आहे, पण काम लवकर उरकावं म्हणून ते काढून ठेवायला सांगतात. तिच्या मैत्रिणीचा अंगठा मागच्या महिन्यात चिरडला, आणि कंत्राटदारानं दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आणली.

"पूजा कोण मांडणार?" मी विचारलं.

"आम्हालाच सांगितलंय. साहेबांना वेळ न्हाई."

मी गुळाचा डबा जवळ ओढला. मग ती हळूच म्हणाली, "आजी, पणजी ते म्यानाचं काय म्हणाली व्हती? मागं सांगितलं व्हतंस. पहिल्यापासून सांग. थांब, स्पीकरवर टाकते, सगळ्या पोरींना ऐकायचंय."

मी गुळाचा खडा तोंडात टाकला, घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.